सॅक भरण्यापूर्वी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "आम्ही पाच शाळासोबती, सगळे पंचेचाळिशीच्या आसपासचे, पुण्यातच स्थायिक. गेली वीस वर्षे दर हिवाळ्यात सह्याद्रीत एक मोठी भटकंती करतो. यंदा आमच्या म्होरक्या मित्राने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तराखंडातील केदारकंठा हे शिखर करण्याचे ठरवले आहे. तंबू आपले, सामान आपल्याच पाठीवर आणि वाटाड्या नाही. 'सह्याद्री कोळून प्यायलेल्यांना वाटाड्या कशाला?' असे त्याचे म्हणणे आहे. आमच्यापैकी दुसऱ्या एकाला वर्षभरापासून रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत. हे त्याने फक्त मला सांगितले आणि कोणाला न सांगण्याचे वचन घेतले. गेल्या जानेवारीत राजगडावरून तोरण्याला जाताना तो मागे पडला. बाकीचे पुढे निघून गेले, मी त्याच्याबरोबर थांबलो आणि आम्ही दोघे अंधार पडल्यावर बुधला माचीपाशी पोचलो. त्यावरून झालेली थट्टा त्याच्या मनाला लागली आहे, म्हणूनच यंदा तो हट्टाने येतो आहे. तिकिटे पुढच्या पंधरवड्यात काढायची आहेत. मी वचन मोडावे का? की काहीतरी कारण काढून स्वतःच जाणे टाळावे?" (एक वाचक, कर्वेनगर, पुणे)

सप्रेम नमस्कार.

कारण काढून अंग काढून घेण्याचा जो पर्याय तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिला आहे, तो आधी निकालात काढते. तुम्ही गेला नाहीत तरी उरलेले चौघे जाणारच आहेत, आणि त्या चौघांत गोळ्यांविषयी ठाऊक असलेला व मागच्या वर्षी मित्रासाठी थांबलेला एकही माणूस नसेल. तुमची सुटका होईल, त्याची होणार नाही. त्यामुळे एकतर बेत बदलून सगळ्यांनी जावे, नाहीतर खरे कारण सांगून तुम्ही थांबावे, एवढेच दोन मार्ग मला दिसतात, आणि दोन्हींची सुरुवात त्या मित्राशी बोलण्यापासूनच होते.

आजार त्याचा आहे, त्यामुळे तो चारचौघांत सांगण्याचा पहिला हक्कही त्याचाच आहे, आणि तुम्ही आजवर गप्प राहिलात यात काही गैर झाले असे मला वाटत नाही. मात्र ते वचन दिले गेले तेव्हा डोळ्यांसमोर कोणत्या वाटा होत्या, हे आठवून पाहा. राजगड-तोरण्याच्या धारेवर कोणाला बरे वाटेनासे झाले तर काही तासांत खालच्या एखाद्या वाडीत उतरता येते, तिथे चहा मिळतो, जीप मिळते आणि रात्रीपर्यंत पुण्याच्या दवाखान्यात पोचता येते. केदारकंठ्याच्या वरच्या मुक्कामावरून सांकरी गावात उतरायलाच बर्फातून कित्येक तास लागतात आणि सांकरीहून देहरादूनचा डोंगरी रस्ता आठ-दहा तासांचा आहे. तुमच्या मित्राने जे झाकून ठेवायला सांगितले, ते या अंतरासाठी सांगितलेले नव्हते. परिस्थिती बदलली की वचनाविषयी पुन्हा बोलण्याचा हक्क दोघांनाही असतो.

हे बोलणे फोनवर करू नका आणि पाचही जण जमतात त्या चहाच्या अड्ड्यावर तर मुळीच करू नका. एखाद्या रविवारी सकाळी दोघेच वेताळ टेकडीवर फिरायला जा. शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, आणि आपल्याकडच्या या वयाच्या पुरुषांना अवघड गोष्टी अशाच वेळी बोलता येतात, असा माझा अनुभव आहे. त्याला सरळ सांगा: "तुझी गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. पण ती लपवून मी तुझ्याबरोबर बर्फात येणार नाही. तू डॉक्टरांना भेट, ते काय म्हणतील ते तूच सगळ्यांना सांग, आणि हे तिकिटे काढायच्या आत कर." तारीख द्यायला विसरू नका. तारीख नसली की असे बोलणे "बघू रे" वर संपते, आणि तिकिटांचे पैसे भरले गेल्यावर कोणालाच मागे फिरावेसे वाटत नाही.

तो ऐकेल असे मला वाटते, कारण ज्याला काहीच सांगायचे नसते तो तुम्हालाही सांगत नाही. तरीही तो अडून बसलाच, तर त्याला आधी कल्पना देऊन म्होरक्याकडे जा आणि "आपल्यातल्या एकाची वैद्यकीय तयारी झालेली नाही, ती होईपर्यंत मी येत नाही" एवढेच सांगा. पाच जणांच्या गटात हा एक कोण हे ओळखायला वेळ लागणार नाही, त्यामुळे हे वचन अर्धे मोडल्यासारखेच आहे, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. एवढे होऊनही तिकिटे निघाली, तर मात्र उरलेले अर्धेही मोडा. तो कदाचित वर्षभर तुमच्याशी बोलणार नाही, आणि ते तुम्हाला सोसावे लागेल.

पाचही जणांनी तंदुरुस्तीचा दाखला आणावा, म्हणजे कोणाचे नाव न घेता प्रश्न सुटेल, असा मधला मार्ग तुमच्या मनात येऊन गेला असेल. पंचेचाळिशीत पाचही जणांनी तपासणी करून घ्यावी हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु ओळखीच्या डॉक्टरांकडून पाच मिनिटांत सही-शिक्का घेऊन येणारे ट्रेकर मी इतके पाहिले आहेत की त्या कागदाच्या भरवशावर संवाद टाळू नये.

आता डॉक्टरांकडे काय विचारायचे ते सांगते, कारण "ट्रेकला जाऊ का?" एवढाच प्रश्न विचारला तर "जा, पण जपून" एवढेच उत्तर मिळते. गोळ्यांनी नीट आटोक्यात असलेला रक्तदाब म्हणजे डोंगर कायमचा बंद, असे मुळीच नाही. उंचीवर गेल्यावर पहिले काही दिवस बहुतेकांचा रक्तदाब थोडा वाढतो आणि थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याने त्यात भर पडते. त्यामुळे तो आज किती आटोक्यात आहे, हे पंधरा दिवसांच्या घरच्या नोंदी दाखवून विचारावे. गोळी कोणत्या प्रकारची आहे, यालाही महत्त्व आहे. लघवीवाटे पाणी बाहेर टाकणारी गोळी असेल, तर आधीच कोरड्या थंड हवेत शरीरातले पाणी आणखी कमी होते. बीटा ब्लॉकर प्रकारची असेल, तर चढावर हृदयाचे ठोके हवे तेवढे वाढत नाहीत आणि हातापायांची बोटे लवकर गार पडतात. विरळ हवेच्या त्रासासाठी अनेक जण डायमॉक्स घेतात. तीही लघवी वाढवणारीच गोळी आहे, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर ती विचारल्याशिवाय घेऊच नये. म्होरक्याच्या प्रथमोपचार पेटीतून ती चॉकलेटासारखी वाटली जात असेल, तर ते ताबडतोब थांबवा.

मी हे सगळे इतक्या आग्रहाने का लिहिते आहे, तेही सांगते. १९८७ च्या डिसेंबरात आम्ही सहा जण खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर निघालो, तेव्हा मला सकाळपासून ताप होता आणि मी तो कोणाला सांगितला नाही. मुली मागे पडतात असे कोणी म्हणू नये, एवढेच त्यामागचे कारण होते. खिंडीनंतरचा कातळ मी कसाबसा चढले आणि रात्री गुहेत मला अशी हुडहुडी भरली की दोघांनी आपापली ब्लँकेटे माझ्या अंगावर टाकली आणि स्वतः रात्रभर शेकोटीपाशी बसून राहिले. त्यांतला एक जण पुण्याला परतल्यावर न्यूमोनियाने तीन आठवडे अंथरुणाला खिळून होता. त्याने मला कधी बोल लावला नाही. मी मात्र अजूनही कोणाबरोबर डोंगरात निघताना "आज बरे नाही" असे सांगण्याची सोय सगळ्यांना आहे ना, हे आधी पाहते.

तुमच्या म्होरक्याच्या म्हणण्याकडे वळते. वीस वर्षांच्या सह्याद्रीने तुम्हाला पुष्कळ शिकवले आहे, यात शंका नाही. वाट शोधणे, ओझे घेऊन दिवसभर चालणे, पाण्याचा अंदाज ठेवणे, कातळावर पाऊल टाकणे या गोष्टी हिमालयातही उपयोगी पडतात. मात्र कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखरही १,६४६ मीटर उंच आहे, आणि सांकरी हे केदारकंठ्याच्या पायथ्याचे गावच त्याहून उंचावर आहे. केदारकंठ्याचा माथा सुमारे ३,८०० मीटर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६२ टक्के असतो, म्हणजे दर श्वासाला मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरते, हा हिशेब धरला तर ५६० मीटरवरच्या पुण्यात पहाटे १० ते ११ अंश असताना त्या माथ्यावर उणे दहाच्या आसपास असेल, आणि वारा त्यात धरलेला नाही. सह्याद्रीत यातले काहीच अनुभवाला येत नाही, त्यामुळे त्याची सवयही झालेली नसते. विरळ हवेचा त्रास कोणाला होईल, हे तब्येतीवरून सांगता येत नाही. सर्वांत धडधाकट माणूस आडवा होतो आणि मागे पडणारा आरामात वर जातो, असेही घडते. ही गोष्ट म्होरक्याच्या कानावर जरूर घाला.

वाटाड्याविषयी मी आडपडदा न ठेवता लिहिते: बर्फाच्या पहिल्या सहलीला तो नाकारणे हा निव्वळ तोरा आहे. आपल्याकडेही राजगडाच्या वाटा गुंजवण्याच्या माणसांना जशा ठाऊक असतात, तशा आपल्याला नसतात. नव्या बर्फाने पायवाट झाकली गेल्यावर खाली ओढा आहे की झुडूप, दुपारनंतर ढग कोणत्या अंगाने येतात, कोणत्या उतारावर थांबू नये, हे सांकरीचा माणूस जाणतो. हा सगळा भाग गोविंद राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येतो आणि तिथे वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, तीही त्याच्यामार्फत सुरळीत होते. वर त्याचा रोजगार होतो. सामान पाठीवर घेण्याच्या आनंदाआड वाटाड्या येत नाही. तो पुढे चालतो, ओझे तुमचे तुमच्यापाशीच राहते.

तारखांबद्दलही माझे मत वेगळे आहे. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात त्या वाटेवर सर्वाधिक गर्दी असते, दिवस सर्वांत लहान असतो आणि थंडीही कडक असते. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे सहसा भरपूर बर्फ असतोच, दिवस मात्र मोठा झालेला असतो. मी तुमच्या जागी असते तर डिसेंबरचा तो आठवडा सह्याद्रीतल्याच एका खऱ्याखुऱ्या पाठपिशवीच्या सहलीला दिला असता आणि केदारकंठा मार्चकडे ढकलला असता. मधल्या दोन महिन्यांत मित्राच्या गोळ्यांचा हिशेब बसतो, आणि पाच जण तीन दिवस ओझ्यासह एकत्र कसे चालतात, हेही समजते.

त्यासाठी रतनगड ते हरिश्चंद्रगड या वाटेसारखी दुसरी वाट नाही. रतनवाडीत अमृतेश्वराचे देऊळ पाहून रतनगड करावा, दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतकडे उतरावे आणि तिसऱ्या दिवशी पाचनईहून हरिश्चंद्रगड चढून कोकणकडा गाठावा. कात्राबाईच्या जंगलात वाटा फुटतात, त्यामुळे रतनवाडीचा माणूस बरोबर घ्या. म्होरक्यालाही वाटाड्याबरोबर चालण्याची सवय होईल. मुक्काम गावातच करा, पिठले-भाकरी गरम मिळते आणि गडावरच्या मुक्कामाच्या नियमांचा घोळही राहत नाही. हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा टापू आहे. डिसेंबरात रात्री तिथे पारा एक आकड्यावर येतो आणि झोपण्याच्या सामानाची परीक्षा तिथेच होते. एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या: कड्यांवर आग्या मोहोळे असतात, तेव्हा अत्तर-डिओ लावू नका, धूर करू नका आणि कोणालाही कड्याकडे तोंड करून ओरडू देऊ नका.

तयारीसाठी आठवड्यातून एकदा आतकरवाडीहून सिंहगड चढा. साधारण ६०० मीटरची ही चढाई भरलेल्या सॅकसह करा आणि सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा, म्हणजे वर पोचल्यावर पाणी ओतून गुडघे सांभाळत उतरता येईल. सत्तर किलोच्या माणसाने चौदा किलोंहून अधिक ओझे घेऊ नये. पाच जणांचे पाच स्टोव्ह, पाच चाकू आणि पाच प्रथमोपचार पेट्या निघतील, त्या एकाच सतरंजीवर मांडून तिथेच कमी करा.

कपड्यांचे थोडक्यात लिहिते, कारण दुकानदार तुम्हाला त्यावर तासभर ऐकवतील. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. सुती कापड घामाने भिजले की ऊब धरत नाही, आणि चढताना घाम व थांबताना वारा या जोडीनेच शरीर गार पडते. अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारे जाकीट, आणि जाड डाऊन जाकीट फक्त थांबल्यावर. मायक्रोस्पाइक (बर्फात घसरू नये म्हणून बुटांखाली चढवायचे दाते) आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचे आवरण) सांकरीत भाड्याने मिळतात, बूट मात्र पुण्यातच घेऊन महिनाभर वापरा. रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवा, कारण बर्फ वरून धरतो आणि उलट्या बाटलीचे तोंड मोकळे राहते. विजेरीच्या बॅटऱ्या आणि मोबाइल झोपण्याच्या पिशवीत आत घ्या.

खाण्याच्या बाबतीत पुणेकरांना शिकवण्यासारखे फारसे नाही. दशम्या, गुळपोळ्या, शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर थंडीत उत्तम टिकतात व चालता चालता खाता येतात. पण ऊब यावी म्हणून कोणी घोटभर ब्रँडी पुढे केली, तर ती नको म्हणा, आणि रक्तदाबाच्या मित्रापासून तर ती दूरच ठेवा. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते, प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जात असते. थर्टीफर्स्ट पुण्यात परतल्यावर करा. आणि कितीही गारठा असला तरी बंद तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

वर गेल्यावरचे नियम पाचही जणांसमोर मोठ्याने वाचून ठरवा. तीन हजार मीटरच्या वर एका दिवसात झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य दंडक आहे. आयोजकांचे नेहमीचे वेळापत्रक घाईचे वाटले, तर एक दिवस वाढवून घ्या. डोके दुखते आणि मळमळते असे कोणी म्हटले, तर ती व्यक्ती बरी होईपर्यंत वर चढायचे नाही. त्रास वाढला तर खाली उतरायचे. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता येत नसेल, बोलणे अडखळत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर पहाटेची वाट न पाहता वाटाड्याला उठवून उतरायला लागायचे. एकटे कोणालाही खाली पाठवायचे नाही, दोघांनी उतरायचे. माथा गाठण्याच्या दिवशी परत फिरण्याची वेळ आदल्या रात्री वाटाड्याकडून ठरवून घ्या, आणि ती झाली की माथा शंभर पावलांवर असला तरी फिरा. हे शेवटचे वाक्य म्होरक्याने स्वतःच्या तोंडाने म्हणावे, असा आग्रह धरा, कारण तिथे उभे राहिल्यावर सर्वांत जास्त मोह त्यालाच होणार आहे.

थट्टेचाही बंदोबस्त करायला हवा, कारण गोळ्या लपवण्यामागे रक्तदाबापेक्षा तिचाच हात अधिक आहे, असे तुमच्या पत्रावरून मला वाटते. चालण्याचा क्रम बदला. वाटाड्याच्या लगेच मागे सर्वांत सावकाश चालणाऱ्याने असावे आणि सर्वांत मजबूत माणसाने शेवटी. म्हणजे म्होरक्या शेवटी. तिथून त्याला प्रत्येकाचे पाऊल दिसेल आणि तो पुढे निघून जाऊ शकणार नाही. राजगडाच्या अळू दरवाजातून तोरण्याकडे निघताना मागच्या वर्षी हाच क्रम असता, तर ती संध्याकाळ वेगळी झाली असती. तुमच्या मित्राला हे सुचवण्याची गरज नाही. तुम्हीच म्होरक्याला सुचवा, आणि "तुझ्याइतका दमदार दुसरा कोणी नाही, म्हणून तू मागे हवास" असे म्हणा. खोटेही नाही आणि त्याला आवडेलही.

बेत ठरला, डॉक्टरांनी होकार दिला आणि मित्राने स्वतः सगळ्यांना सांगितले, तर एक लहानसे काम तुमच्याकडे राहील. त्याच्या गोळ्या सहलीच्या दिवसांहून चार दिवस अधिक पुरतील एवढ्या घ्या आणि त्यांच्या दोन पुड्या करा. प्रत्येकीवर औषधाचे नाव आणि वेळ स्वच्छ अक्षरात लिहा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि एक त्याच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, दुसरी तुमच्या.